स्वखुशीने पाच टक्के

१ सप्टेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण पगार.

सकाळी मोठ्या साहेबांनी सर्व असिस्टंट मॅनेजरांना मीटिंग रूममध्ये बोलावलं. बाजार पडलाय, मंदी आहे, पण कंपनी म्हणजे कुटुंब आहे, असं म्हणाले. कंपनी कुटुंब आहे असं ऐकलं की मी खिसा चाचपतो. गेल्या वेळी हे वाक्य आलं तेव्हा ओव्हरटाइम गेला होता. या वेळी पगारात तीस टक्के कपात. चौदा हजार दिरहॅमचे नऊ हजार आठशे. म्हणजे महिना सव्वातीन लाखांचे सव्वादोन लाख रुपये.

प्रत्येकाला एक छापील कागद दिला. त्यावर, 'मी ही कपात स्वखुशीने मान्य करत आहे.' मी खिशातलं चांगलं पेन काढून सही केली. अशा प्रसंगी माणसाचा दर्जा दिसतो.

कुंदाला इतक्यात सांगायचं नाही. तिला काळजीची सवय नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार
कुंदाला माहीत आहे. मोठ्या साहेबांची बायको तिच्या योगाच्या ग्रुपमध्ये आहे. तिला सोमवारी दुपारीच कळलं होतं, म्हणजे माझ्या सहीची शाई वाळायच्या आत. "तुम्ही कधी सांगताय याची वाट बघत होते," म्हणाली आणि दोडक्याची भाजी वाढली. मी जबल अलीच्या गोदामात चारशे रॅकचा साठा सांभाळतो, पण या घरातली बातमी मला शेवटी कळते.

आज माझ्या हाताखालच्या अकरा माणसांच्या सह्या घ्यायच्या होत्या. मी त्यांना गोळा केलं, बाजार समजावून सांगितला आणि कंपनी म्हणजे कुटुंब आहे हेही सांगितलं. मोठ्या साहेबांपेक्षा माझा आवाज जास्त गंभीर लागला असं मला वाटतं. फोर्कलिफ्ट चालवणारा किसन, राजापूरकडचा, कागद उलटसुलट बघत राहिला.

"साहेब, एक विचारू?"

"विचार ना."

"खुशी नसली तर कुठं सही करायची?"

तसा रकाना नव्हता. मी त्याला म्हटलं, तिथेच कर. त्याने केली.

१४ सप्टेंबर, रविवार
आर्थिक परिस्थिती एकदा लिहून काढतो, म्हणजे डोकं शांत होईल.

आम्ही शारजात भाड्याने राहतो. दोन बेडरूम, आठवा मजला, वर्षाला बेचाळीस हजार दिरहॅम भाडं. आणि आम्ही मालकही आहोत. दुबईत इंटरनॅशनल सिटीला आमचा एक बेडरूमचा फ्लॅट आहे, साडेसात लाख दिरहॅमला घेतलेला. तो हमीद नावाच्या कराचीच्या गृहस्थाला अठ्ठेचाळीस हजारांनी दिलाय. त्या भाड्यातून बँकेचा हप्ता जातो. योजना अगदी बिनतोड होती. मीच केली होती.

आज पोर्टलवर तसल्याच फ्लॅटची किंमत चार लाख दहा हजार दिसली. कर्ज बाकी चार लाख साठ. म्हणजे घर विकलं तर वर पन्नास हजार मीच द्यायचे. हे मी तनयाला समजावून सांगितलं. ती पंधरा वर्षांची आहे, तिला अर्थशास्त्र आहे.

"सो यू हॅव टु पे समवन टु नॉट हॅव अ हाउस?"

"तसं नाही बाळा."

"इट इज एक्झॅक्टली दॅट, बाबा."

डोकं शांत झालं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार
फ्लॅट विकायला एजंटकडे टाकून दोन आठवडे झाले. मी रोज फोन करतो, तो रोज 'इन्शाल्ला' म्हणतो. मागणी वाढल्याशिवाय भाव वाढत नाही, हा साधा नियम. म्हणून आज ऑफिसच्या मोबाइलवरून त्यालाच फोन केला. नीरव नाव सांगितलं, आवाज जाड काढला आणि त्या बिल्डिंगमध्ये एक फ्लॅट हवाय म्हटलं. दोन-तीन गिऱ्हाइकं मागे लागलीत असं एजंटला वाटलं, की तो भाव धरून ठेवेल.

"सर, बिलकुल सही टाइम पे फोन किया," एजंट म्हणाला. "एक ओनर है, एकदम डेस्परेट. रोज फोन करता है. तीन-पचास में दिलवाता हूँ."

मला राहवलं नाही. "तीन-पचास बहुत कम नहीं है? आदमी समझदार होगा."

"समझदार? सर, उसने साढ़े सात में लिया था!" आणि तो हसला. बराच वेळ हसला. मीही थोडा हसलो, कारण नीरव हसला असता.

त्यानंतर मी फोन ठेवायला हवा होता. पण मी विचारलं, आदमी कैसा है? एजंट म्हणाला, "आदमी शरीफ है सर. इसीलिए तो बोल रहा हूँ, दबाओ."

५ ऑक्टोबर, रविवार
आता बचावात्मक खेळून चालणार नाही. दोन्ही भाडेकरार एकतीस डिसेंबरला संपतात, आमचा शारजाचा आणि हमीदचा आपल्याशी. नोटीस द्यायची तर आत्ताच. आज दिवसभर बसून इंग्रजीत दोन पत्रं लिहिली.

पहिलं आमच्या बिल्डिंगच्या ऑफिसला, अजरा मॅडमना. मथितार्थ असा: बाजार कोसळलेला आहे, पगार कमी झालेले आहेत, चांगली माणसं टिकवायची असतील तर थोडं सोसावं लागतं, तरी सदर फ्लॅटचे भाडे येत्या वर्षापासून तीस टक्क्यांनी कमी व्हावे.

दुसरं हमीदला. मथितार्थ असा: बाजारात मंदीच्या अफवा आहेत, त्यांवर विश्वास ठेवू नये, लवकरच सगळं सुधारेल, तरी सदर फ्लॅटचे भाडे येत्या वर्षापासून पाच टक्क्यांनी वाढवणे रास्त ठरेल.

दोन्ही पत्रं मला मनापासून पटली. एकाच दिवसात दोन्ही बाजू इतक्या प्रामाणिकपणे मांडणं सोपं नाही. दोन्हीत मायना 'सर/मॅडम' आणि मजकुरात 'सदर फ्लॅट' एवढंच ठेवलं. एकदा साचा बसला की वेळ वाचतो. फाइलींची नावं 'रेंट फायनल' आणि 'रेंट फायनल फायनल'.

कुंदाने दोन्ही वाचली. चष्मा काढून म्हणाली, "ही दोन माणसं एकमेकांना भेटली तर?"

"कशी भेटतील? एक शारजात बसते, एक दुबईत राहतो."

"ती नव्हे हो. ज्यांनी लिहिलीत ती दोन."

मला समजलं नाही. कुंदा कधी कधी असं बोलते.

६ ऑक्टोबर, सोमवार
पत्रं सकाळी पार्किंगमधूनच मोबाइलवरून धाडली. यल्ला, चला, झालं एकदाचं.

७ ऑक्टोबर, मंगळवार
दोघांचेही होकार! एका दिवसात!

अजरा मॅडमनी ईमेल तर केलीच, वर स्वतः फोन केला. "विष्णू साहब, बीस साल से इस ऑफिस में हूँ. आप जैसा खत आज तक किसी ने नहीं लिखा. अरबाब को पढ़के सुनाया, वो बहुत खुश हैं." अरबाब म्हणजे बिल्डिंगचे मूळ मालक. भाडं कमी करा म्हटल्यावर मालक खूश होतो, हे मी प्रथमच ऐकलं. पण भाषेची ताकद मोठी असते.

हमीदचा तर मेसेजच दोन पानांचा. 'विष्णू भाई, आप ने जो किया वो कोई सगा भाई भी नहीं करता. फिझा ने आप के लिए दुआ की है.' पाच टक्के वाढीवर दुआ! लोक उगाच म्हणतात की माणुसकी उरली नाही.

एकूण वर्षाला पंधरा हजार दिरहॅमचा फायदा. जवळजवळ साडेतीन लाख रुपये. कुंदाला म्हटलं, शिरा कर. तिने केला. पण खाताना माझ्याकडे बघत होती, जसं ताप उतरलाय का ते बघतात तसं.

११ ऑक्टोबर, शनिवार
काल ऑफिसात मोठ्या साहेबांना वाटाघाटीविषयी चार शब्द ऐकवले. दोन्ही पक्ष जिंकले पाहिजेत, हे माझं सूत्र. साहेबांनी ते डायरीत लिहून घेतलं.

आज हमीदकडून खजुराचा मोठा डबा आला आणि बिर्याणी, चार माणसांची. जरा अवघडल्यासारखं झालं. वाढ पाच टक्क्यांचीच होती. बिर्याणीवर त्याचा बराच खर्च झाला असणार.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
लिहायला हात धजत नाही. पण रोजनिशीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय.

संध्याकाळी ऑफिसातून आलो. लिफ्टमध्ये आरशाशेजारी एक नोटीस चिकटवलेली होती. मजकूर असा: 'फ्लॅट क्र. ८०४ चे रहिवासी श्री. विष्णू यांनी बाजाराची परिस्थिती ओळखून स्वखुशीने पाच टक्के भाडेवाढ देऊ केली आहे. व्यवस्थापन त्यांचे आभारी आहे. इतर सर्व रहिवाशांचे नूतनीकरणही याच दराने होईल.' खाली माझ्या पत्राची झेरॉक्स. सर/मॅडम. सदर फ्लॅट.

लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे दोघे होते. एकाने नोटीस वाचली आणि विचारलं, "ये ८०४ वाला कौन है?" मी म्हणालो, "पता नहीं." आणि पाचव्या मजल्यावरच उतरलो.

वर येऊन मोबाइल उघडला. 'रेंट फायनल' हमीदला गेलं होतं. 'रेंट फायनल फायनल' अजरा मॅडमना. म्हणजे मी जिथे भाडं भरतो तिथे पाच टक्के वाढवून घेतलंय आणि जिथे घेतो तिथे तीस टक्के कमी केलंय. ज्या फायद्याचा शिरा खाल्ला तिथून मोजलं तर साडेएकतीस हजारांची खोट. सव्वासात लाख रुपये.

कुंदाला सांगितलं.  तिने आत जाऊन दार लावून घेतलं. पाच मिनिटं कसलासा आवाज येत होता. रडत असावी बिचारी.

तनया म्हणाली, "शी'ज नॉट क्राइंग, बाबा."

१५ ऑक्टोबर, बुधवार
रजा टाकून अजरा मॅडमच्या ऑफिसात गेलो. त्यांनी उठून चहा मागवला. मी वीस मिनिटं हवामानावर बोललो. मग म्हटलं, मॅडम, थोडी गलती हो गई. ते पत्र तुमच्यासाठी नव्हतं.

त्यांनी कप खाली ठेवला. "अच्छा? फिर किसके लिए था?"

मी साखर मागितली.

"मतलब, पाँच परसेंट आपको किसी और से लेना था?"

मी चहा प्यायलो. गरम होता. त्या चष्म्यावरून बघत राहिल्या, पण रागावल्या नाहीत. "और मेरे लिए कौनसा खत था?"

"वो... थोडा कम का था," मी म्हणालो.

"थोडा?"

"तीस."

मग त्या हसल्या. म्हणाल्या, अरबाबला कळवून झालंय, लेखी होकार गेलाय, आता खलास. आणि दारापर्यंत सोडायला आल्या. एकंदरीत वागणूक फार सभ्य होती.

जिन्याने आठ मजले चढलो. आजपासून लिफ्ट बंद. माझ्यापुरती.

१८ ऑक्टोबर, शनिवार
आज हमीदकडे गेलो. मनाशी पक्कं ठरवून गेलो होतो: आत शिरायचं, चूक झाली म्हणायचं, निघायचं. सोबत कुंदा आली. कशाला, तर 'बघायला' म्हणाली.

हमीदने दारातच मिठी मारली. तो शारजा औद्योगिक क्षेत्रात एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे, सहा फूट उंच, त्यामुळे मिठीत माझा चष्मा वाकला. त्याची चार वर्षांची मुलगी इनाया हिने माझ्या हातावर मांजराचं स्टिकर चिकटवलं.

"भाभी," हमीदची बायको फिझा कुंदाला सांगत होती, "इनकी चालीस परसेंट कटी है. मैं और इनाया नवंबर में कराची वापस जा रहे थे. टिकट देख लिए थे. फिर भाई साहब का खत आया."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हमीदच्या डोळ्यांत पाणी होतं. आता सांगायची वेळ होती. मी घसा साफ केला.

"वो खत के बारे में..." मी म्हटलं.

"जी, भाई?"

"एसी आवाज करता है क्या?"

करत होता. पुढच्या आठवड्यात मी स्वखर्चाने दुरुस्त करून देणार आहे.

परतताना गाडीत कुंदा खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. पण ती म्हणाली, "बरं केलंत." एवढंच. त्यानंतर शारजापर्यंत दीड तास ट्रॅफिक होतं.

३ नोव्हेंबर, सोमवार
दिवाळी झाली. या वर्षी चिवडा फक्त. कपात झालेला दुसरा पगार जमा झाला. भाडं आणि शाळेची फी बाजूला काढली की उरतं ते लिहीत नाही.

कुंदा हल्ली सांगलीला माझ्या बहिणीशी, आशाताईशी, रोज बोलते. एरवी दोघींचं वर्षातून दोनदा बोलणं, तेही माझ्या तोंडून. नणंद-भावजय जवळ आल्या, मंदीचा हा एक फायदाच.

८ नोव्हेंबर, शनिवार
कुंदाचा फोन लागेना म्हणून आशाताईने माझ्या मोबाइलवर केला. "विष्णू, तनयाच्या ॲडमिशनचं काम झालं बघ. हेडमास्तर म्हणाले, जूनपर्यंत थांबू नका, जानेवारीतच पाठवा. कुंदाला सांग, माडीवरची खोली रंगवून घेते."

मी कुंदाला विचारलं, हे काय. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. थांबली नाही.

"दोघी गेलो तर तुम्हाला एका खोलीत भागेल. बेड-स्पेस घ्या, दुसऱ्यांच्या खोलीत नुसती एक खाट. सातशे-आठशेला मिळते. दोन वर्षं काढली की कर्ज आवरेल."

"आणि हे मला न विचारता?"

"पगाराचं मला विचारलं होतंत?"

मी म्हटलं, लोक करतात तसं, किसनच्या खोलीत नाही का सात जण राहतात, पण आपलं तसं नाही. ती म्हणाली, "का नाही?" मी खाली पडलेले मोजे उचलले. मग तिने शेवटचा टॉवेल खाली ठेवला.

"फिझानं जाऊ नये म्हणून तुम्ही तीस टक्के सोडलेत. मला आवडलं ते, खरंच. पण मग मी जावं का?"

 हातात मोजे होते, कोणाचे ते आठवत नाही. शेवटी म्हणालो, "जाऊ नकोस." अठरा वर्षांत तिला असं काही सांगायची वेळ आली नव्हती, त्यामुळे नीट जमलं नाही. आवाज नीरवसारखा जाड आला.

"मग काही तरी करा," कुंदा म्हणाली. "पत्र मात्र लिहू नका."

९ नोव्हेंबर, रविवार
काही सुचलं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार
मला नाही, कुंदाला सुचलं. की फिझाला, नक्की कळलं नाही. दोघींचा फोन रात्रीच्या जेवणापर्यंत चालू होता.

हमीद रोज दुबईहून शारजाला कामाला येतो. मी रोज शारजाहून दुबई ओलांडून जबल अलीला जातो. दोघंही रोज तीन तास गाडीत बसतो, उलट्या दिशेने. कुंदा म्हणाली, आपण आपल्या घरी जाऊ. त्यांना या घरात येऊ दे.

मी म्हटलं, कुंदा, हमीदला दोन बेडरूमचं चव्वेचाळीस हजार शंभर कसं परवडेल?

"ते तुमचं भाडं आहे," कुंदा म्हणाली. "नव्या भाडेकरूला काय भाव देतात ते मी विचारलंय. बत्तीस हजार. वर पहिला महिना फुकट."

"बत्तीस! आणि आपण इतकी वर्षं जुने असून?"

"जुने म्हणूनच. जुना माणूस कुठे जाणार आहे, असं समजतात."

मी म्हटलं, हा सरळ अन्याय आहे, चांगली माणसं टिकवायची असतील तर थोडं सोसावं लागतं. ती म्हणाली, "हो. कुठंतरी वाचलंय."

तनयाला सांगितलं, एकच बेडरूम आहे, तुला हॉलमध्ये झोपावं लागेल. ती छताकडे बघू लागली. मला वाटलं आता दार आपटणार.

"सांगली ऑर द सोफा?" तिने विचारलं.

"साधारण तसंच."

"सोफा. बट आय गेट द वायफाय पासवर्ड."

२२ नोव्हेंबर, शनिवार
हमीदला आणि छोट्या इनायाला घेऊन अजरा मॅडमकडे गेलो. मी घर सोडतोय आणि हे नवे भाडेकरू, असं सांगितलं. मॅडमनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"आप दोनों एक दूसरे को कैसे जानते हैं?"

हमीद अभिमानाने म्हणाला, "विष्णू भाई मेरे मकान-मालिक हैं. इन्होंने मेरा तीस परसेंट कम किया, खुद खत लिख के!"

"अच्छा," अजरा मॅडम म्हणाल्या. "तो वो खत वहाँ गया था."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागलो. चांगलं मोठं कॅलेंडर होतं. मॅडमनी हमीदकडे पाहिलं, इनायाने त्यांच्या टेबलावर चिकटवलेल्या मांजरांच्या दोन स्टिकरांकडे पाहिलं, आणि करारावर आकडा लिहिला. एकतीस हजार. मग मला म्हणाल्या, "लिफ्ट की नोटिस कल निकल जाएगी. आधी बिल्डिंग ने खाली करने की धमकी दी है."

मी म्हटलं, माझ्यामुळे?

"आपकी वजह से," मॅडम म्हणाल्या. "नेता निकले आप."

संध्याकाळी लिफ्टने गेलो.

२७ डिसेंबर, शनिवार
घरांची अदलाबदल झाली. किसन आणि दोघं जण सुट्टीच्या दिवशी सामान उचलायला आले. मी पैसे देऊ केले तर किसन म्हणाला, "राहू द्या साहेब, स्वखुशीनं आलोय." कपात होऊनही त्याने खोलीतल्या सगळ्यांसाठी मासे आणले होते, त्यातले दोन सुरमईचे तुकडे कुंदाला दिले. मी त्याला म्हटलं, किसन, तो कागद, सहीचा... तो म्हणाला, "जाऊ द्या ना साहेब." आणि वॉशिंग मशीन एकट्याने उचललं. मला वाटतं तो विषय त्याने सोडून दिलाय. मला मात्र कपाट उचलताना सारखा आठवत होता.

कपाट दारातून गेलं नाही. ते हमीदलाच दिलं.

२८ डिसेंबर, रविवार
आपल्या स्वतःच्या घरात पहिली सकाळ. घर मी घेतलं तेव्हा फक्त नकाशात पाहिलं होतं आणि नंतर फक्त भाडेकरूच्या सोफ्यावरून. स्वयंपाकघर एवढं लहान असेल असं वाटलं नव्हतं. कुंदा आणि मी एका वेळी वळू शकत नाही. एकाने आधी सांगावं लागतं.

सात वाजता सिंकखालचा पाइप सुटला. पाणी थेट तनयाच्या सोफ्यापर्यंत. ती ओरडली, "बाबा! आय'म लिटरली फ्लोटिंग!" मी खाली धावलो, वॉचमनला गाठलं.

"भाई, पाइप फूट गया, पूरा घर में पानी."

"टेनंट को फिक्र नहीं करने का," तो म्हणाला. "ओनर को फोन लगाओ. ओनर का काम है."

"बराबर," मी म्हणालो. आणि वर येताना खिशातून मोबाइल काढला, नावांची यादी उघडली आणि मालकाचा नंबर शोधू लागलो. दारात पोचेपर्यंत शोधत होतो.

कुंदा ओल्या कपड्यांच्या ढिगात बसून पाणी पुसत होती. "कोणाला फोन करताय?"

"मालकाला," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग हातातलं फडकं पडलं आणि ती हसायला लागली. आधी नुसती खांद्यांनी, मग मोठ्याने, मग एका खोक्यावर बसून, डोळे पुसत. तनया सोफ्यावर पाय वर घेऊन विचारत राहिली, "व्हॉट? व्हॉट हॅपन्ड?" पाणी खोक्याखाली शिरत होतं, खोक्यावर 'नाजूक' लिहिलेलं होतं, आणि कुंदा उठेना.

प्लंबर दीडशे दिरहॅम मागत होता. साडेतीन हजार रुपये. मी म्हटलं, मंदी आहे, थोडं कमी करा. तो म्हणाला, "आप ओनर हो ना?"

मी म्हटलं, हो. आणि दिले.